ग्राउंड निघालं, पुढे?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलाला ‘सध्या काय करतोस?’ असं विचारलं, तर तो कॉलेजचं नाव घेत नाही. ‘भरती करतोय, सर,’ म्हणतो. त्यात सैन्य आलं, पोलीस आले, वनरक्षकही आले. जी जाहिरात निघेल ती भरती.

याला कारणं आहेत. माण-खटावची कोरडवाहू शेती चार तोंडांना पुरत नाही. शिवाय या मातीत फौजेचा जुना मान आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला, कारण तिथल्या घराघरातून माणसं फौजेत गेली. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाने ४६ जवान गमावले. अशा मुलखात मुलाने पहाटे उठून धावायला जाण्यात कुणालाच नवल वाटत नाही.

त्यांची मेहनत मी जवळून पाहतो. थंडीत पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने मोबाइलचा टॉर्च धरून पोरं पळत असतात. बुटांचे तळ झिजलेले, पण सोळाशे मीटरचं टायमिंग प्रत्येकाला तोंडपाठ. सैन्याच्या अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत हे अंतर साडेपाच मिनिटांत काढलं की पूर्ण ६० गुण, दहा बीम मारले की ४०. हे आकडे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास असतो, तो वर्गात क्वचित दिसतो.

माझी तक्रार त्यांच्या धावण्याविषयी नाही. तयारी म्हणजे तेवढीच, असं त्यांना आपण वाटू दिलं, याविषयी आहे. ‘आपण’ म्हणजे शाळा, पालक आणि गल्लोगल्ली निघालेल्या अकॅडम्या.

अकरावीच्या प्रवेशाचंच बघा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा फॉर्म भरतो. घरचे म्हणतात, ‘भरतीच करायची, मग सायन्स कशाला? आर्ट्‌स घे, पळायला वेळ मिळेल.’ जवानाच्या भरतीपुरतं हे खरंही आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावी पास आणि एकूण ४५ टक्के पुरतात. पण त्या एका सहीने काय सुटलं, ते त्याला कुणी सांगत नाही. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, अधिकारी म्हणून नौदल किंवा हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. भूदलाला कोणतीही शाखा चालते, हे खरं. मात्र एनडीएच्या लेखी परीक्षेतल्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात आणि ती प्रश्नपत्रिका सगळ्यांना सारखीच. दहावीनंतर गणिताचं पुस्तक न उघडलेल्या मुलाची अर्ज करण्याची पात्रता कागदावर राहते, एवढंच. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली आणि एनडीएचं खडकवासला इथून दोन-तीन तासांवर. तरी माझ्या वर्गांतून जवान पुष्कळ गेले, अधिकारी झालेला सांगायला मला आठवावं लागतं. पोरांत पाणी नाही म्हणून असं झालं, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आधार कार्डावर ‘गणेश’, दहावीच्या गुणपत्रिकेत ‘गणेशकुमार’, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. हे जाहिरात निघाल्यावर लक्षात येतं आणि मग धावपळ तहसील कचेरीत सुरू होते. तिथे साडेपाच मिनिटांत काही होत नाही! मेडिकलचंही तेच. गुडघ्याला गुडघा लागतो का, रंग नीट ओळखता येतात का, हे नववीत एखाद्या डॉक्टरला दाखवून कळू शकतं. दोन वर्षं पळून झाल्यावर मेडिकलला अपात्र ठरलेला मुलगा समोर येऊन बसतो, तेव्हा त्याला काय सांगावं ते सुचत नाही.

आणि निवड झाली तरी विचार संपत नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची आहे. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढे कायम होतात. बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन परत येतात. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी घरी. रक्कम लहान नाही, पण आमच्याकडे ती बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये किती लवकर जिरेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. त्या वयात पदवी हाताशी असेल किंवा निदान एखादा ट्रेड शिकलेला असेल, तर पुढची वाट सोपी. म्हणून मुक्त विद्यापीठात नाव घालून ठेव, असं मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण ‘हो सर’ म्हणतात. नाव थोडेच घालतात.

एनडीएची इच्छा असलेल्यांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७पासून आहे, आणि आता मुलींसाठी नाशिकलाही आहे. अकरावी-बारावीबरोबर तिथे एनडीएची तयारी करून घेतात. तिच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र मूल दहावीत असतानाच भरावा लागतो. घरात दहावीचं मूल असेल आणि त्याच्या डोक्यात फौज असेल, तर निकालाची वाट पाहू नका; दिवाळीच्या सुट्टीतच चौकशीला लागा.