सान्सा स्टार्कला कुणी घडवलं?

'गेम ऑफ थ्रोन्स'चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, छळ झाला म्हणून तर सान्सा स्टार्क घडली. परवा पुन्हा तेच ऐकलं. वर टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण. 2019 च्या शेवटच्या पर्वात मालिकेनं हे तिच्याच तोंडी घातलं: लिटलफिंगर आणि रॅमसे भेटले नसते, तर आपण जन्मभर भाबडं पाखरूच राहिलो असतो. छळणाऱ्यांना शिल्पकाराचा मान देणारं हे बोलणं मला सहन होत नाही.

कथा थोडक्यात अशी: सान्साचं लग्न राजपुत्र जॉफ्रीशी ठरतं; पुढे तोच राजा होऊन तिच्या वडिलांना मारतो, तिचा भाऊ त्याच्याविरुद्ध लढतो आणि ती दरबारात ओलीस राहून छळ सोसते. मग मालिकेत कारस्थानी लिटलफिंगर तिला क्रूर रॅमसेच्या हाती देतो. दुःखानं माणूस सावध होतो, हेही मान्य. पण चांगला होतो का? मालिकेनं सावधपणालाच चांगुलपणाच्या जागी बसवलं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीतली ब्लॅकवॉटरच्या लढाईची रात्र पाहा. जॉफ्रीची आई सर्सी राणी घरंदाज बायकांना घेऊन गढीत बसली आहे, पीत आहे. तिचा जखमी चुलतभाऊ लान्सेल वाईट बातमी आणतो, तर ती त्याच्या जखमेवरच हात हाणून निघून जाते. घाबरलेल्या बायकांना धीर देते ती सान्सा. लान्सेलच्या शुश्रूषेची व्यवस्थाही तीच करते. भावाच्या विजयापायी तिला चारचौघांत मारहाण झाली, तेव्हा त्या भावावर आरोप करणारा हाच लान्सेल होता.

नवऱ्याचा मार सर्सीनंही खाल्ला होता. घाव दोघींवर पडले, देवपण एकीलाही सक्तीचं नव्हतं. आपल्या कुंतीनं काय कमी सोसलं? तरी लाक्षागृहात निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे झोपले असताना पांडव कुंतीसह भुयारातून निघून गेले. ती सहा माणसं जळाली. महाभारत वाचताना मी त्या पानाशी दर वेळी अडतो.

मग सान्साची दया आली कुठून? तिची शिक्षिका सेप्टा मॉर्डेन हिनं लावलेल्या वळणातून म्हणावं, तर ट्रायडंट नदीकाठचा प्रसंग आडवा येतो. वळण तेव्हाही होतं, तरी जॉफ्रीनं छळलेल्या खाटकाच्या पोराची, मायकाहची, बाजू घ्यायला ती उभी राहिली नाही. जॉफ्रीची मर्जी तिला मोलाची वाटली. पुढे त्याच जॉफ्रीच्या तावडीतून दारुड्या सरदार डॉन्टॉसला सोडवताना तिनं खोटं रेटलं, तेव्हा मात्र स्वतःचा जीव धोक्यात होता. चांगुलपणा आधीचाच, पण त्याची किंमत मोजायची वेळ संकटानं आणली. त्या म्हणीचं एवढं मला मानावंच लागतं.

आणि हे मानलं की तिची काळजी वाटू लागते. 2005 च्या 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये ती अलेन या नावानं लिटलफिंगरची मुलगी बनून राहते. तिथल्या आजारी बालसरदार रॉबर्ट ॲरिनला डोंगर उतरवायचा आहे. झोपेचं औषध पुन्हा इतक्या लवकर देऊ नये, ते अंगातून जात नाही, असं वैद्य बजावतो. पोराला वाटेत झटका आला तर तो कड्यावरून जाईल, हे तिचं कारण खरंच आहे. ती औषध द्यायला लावते.