पाताळातील ऋण

सोलापुरास पाहुणा आला म्हणजे त्यास सिद्धेश्वराचे तळे दाखविण्याचा आमचा प्रघात आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते खोदविले. त्या कामी राबलेल्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत; पण त्यांचे पुण्य शहराच्या मध्यभागी उघड्यावर आहे. पूर्वजांचे पुण्य असे डोळ्यांना दिसते. पाप मात्र जमिनीत मुरते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

या शहराखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरुमात व पाषाणाच्या भेगांत. शहरास उजनीचे, भीमेचे व हिप्परग्याच्या तलावाचे पाणी मिळते खरे. परंतु वर्षानुवर्षे नळ रोज न आल्यामुळे विहीर व बोअर हेच कित्येक घरांचे आधार झाले. शिवाय हे गाव चादरींचे, म्हणजेच रंगविलेल्या सुताचे. सुतास न धरलेला रंग पाण्याबरोबर बाहेर पडतो, आणि ते पाणी शुद्ध न करता सोडले, तर ते नाल्यातच थांबेल असा सृष्टीचा नियम नाही. भेग जिकडे जाईल तिकडे तेही जाईल.

याचा परिणाम कोठवर जातो, हे राजस्थानात उदेपूरनजीक बिछडी गावी दिसून आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रंगांस लागणारे एच-आम्ल होऊ लागले. माल निघाला सुमारे ३७५ टन. विषारी गाळ राहिला सुमारे २,४०० टन. तो उघड्यावर पडून भूमीत झिरपला व विहिरी नासल्या. ज्याने पाणी बिघडविले त्यानेच ते सुधारण्याचा खर्च सोसावा, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तथापि पैसे भरले गेले नाहीत, आणि २०११ साली सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम न्यायालयास पुन्हा करावा लागला.

करील तो भरील, हा न्याय निर्दोष आहे. परंतु पंधरा वर्षे विहिरीच्या धन्याने काय प्यावे? येथे दोन प्रश्नांची गल्लत होते असे आम्हांस वाटते. खर्च कोणी सोसावा हा एक प्रश्न. शुद्धीस हात कोणी घालावा हा दुसरा. घरास आग लागली असता ती कोणी लावली याची चौकशी संपेपर्यंत कोणी घागर खाली ठेवीत नाही. विषारी माती उचलणे, नासलेले पाणी उपसून शुद्ध करणे, ही कामे समाजाने तत्काळ हाती घ्यावीत. वसुली मागाहून व्हावी, पण ती सोडू नये.

आणि अपराधी एकटा कारखानदारच काय? स्वस्त चादर घासाघीस करून घेताना आपण तिची किंमत चुकविली असे समजतो. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च त्या किमतीत नसेल, तर तो कोणी तरी अन्यत्र भरीतच असतो. बहुधा ती गृहिणी, जी बोअरचे वास मारणारे पाणी हुंगून ओतून देते. हा खर्च मजुराच्या रोजातून कापला जाऊ नये. तो चादरीच्या किमतीत पडावा, आणि आपण तो कुरकुर न करता द्यावा.

बिघडविण्यास थोडी वर्षे पुरतात. सुधारण्यास पिढ्या लागतात. जो आरंभ करील त्याच्या हयातीत ती विहीर निवळेलच असे नाही, आणि निवळलीच तर पाहुण्यांस ती दाखविण्यास कोणी नेणार नाही. परंतु तळे खोदणाऱ्यांनी तरी आमची तोंडे कोठे पाहिली होती?