घराचें मोल व आयुष्याचीं वर्षें

घराची किंमत रुपयांत नव्हे, तर कुटुंबाच्या मिळकतीच्या वर्षांत मोजावी. समजा, बापाला घरासाठीं चार वर्षांची मिळकत लागली व मुलाला दहा वर्षांची लागते. तर मजुरी वाढूनही मुलगा बापाहून दरिद्रीच झाला. लोणी काळभोर हें गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर असून, २०१५ सालीं स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दींत आहे. शहर जवळ आलें, तशी येथील जमीन महागली. त्यासाठीं जमीनमालकानें कुदळ मारिली नाहीं. रस्ता तर सर्वांच्या पैशानें झाला. मग वाढलेलें मोल सर्वस्वीं त्याचेंच कसें? विकणाऱ्यानें रास्त भाव अवश्य घ्यावा. परंतु घेणाऱ्याच्या आयुष्याचीं किती वर्षें आपण मागत आहों, हें त्यानें आधीं मोजावें.