मांगर कोणाचा?

आमच्या वाडीत विहिरीला जागेवरून ओळखतात, आंब्याच्या झाडाला चवीवरून, आणि मांगराला मालकाच्या नावावरून. अमक्याचा मांगर, तमक्याचा मांगर. गंमत अशी, की ज्याचं नाव लागतं तो माणूस तिथे बहुधा सगळ्यांत कमी बसलेला असतो.

घाटावरच्या आणि शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. देशावर शेतात खोप असते ना, तसा आमच्या सिंधुदुर्गात बागेत किंवा रानाच्या कडेला मांगर असतो. ते घर नव्हे आणि गोठाही नव्हे. काजू-आंब्याच्या दिवसांत राखणीला बसायचं, अवजारं ठेवायची, पाऊस आला तर आत शिरायचं, एवढंच त्याचं काम. आमचा मांगर वाडीपासून अर्ध्या तासाच्या चढावर, सड्याच्या काठाला आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं माळरान. पावसात हिरवंगार, शिमगा सरला की तव्यासारखं तापणारं. कमरेएवढ्या चिऱ्याच्या भिंती, त्यावर मातीनं लिंपलेला कूड, माथ्यावर पूर्वी गवत आणि आता नळे. एक खोली, एक पडवी. आत तीन दगडांची चूल, काळाठिक्कर टोप, मिठाची बरणी, एक कंदील. दाराला कडी आहे. कुलूप कधीच नव्हतं.

आजोबांनी तो बांधला राखणीसाठी. वडिलांच्या काळात तो शिकारीचा मांगर झाला. तेव्हा रानडुकरं रात्रीत नाचणीचा अख्खा वरकस उलथून टाकायची. शेतीच्या रक्षणासाठी सरकार बंदुकीचा परवाना देत असे. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. नळीत आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे, गजानं ठासायचं, आणि शेवटी केप लावायची. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पार पलीकडच्या गावात. म्हणून शिकार एकट्याची नसे. पंधरा-वीस माणसं पहाटे मांगरात जमायची. हाकारे रान उठवायला खालून निघायचे, बंदूकवाले जनावरांच्या वाटांवर दबा धरून बसायचे. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा. माझं काम चूल पेटती ठेवण्याचं, आणि मला ते बंदुकीएवढंच मोठं वाटायचं.

शिकार मिळाली की मांगराच्या खळ्यात वाटे पडत. ते वाटे मी आयुष्यभर विसरलो नाही. सागाच्या पानांवर मांसाचे सारखे ढीग लावायचे. ज्याचा बार लागला त्याचा मान वेगळा काढायचा. मग बंदुकीचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्यांचाही वाटा. जो घरी आजारी पडलाय त्याच्या घरचा एक. आणि वाटे पडताना वाटेनं जाणारा कोणी येऊन उभा राहिला, तर त्याचाही. मग एकानं पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका ढिगावर काठी ठेवून विचारायचं, ‘ह्यो कोणाचो?’ पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. ढीग त्याला दिसत नसे, त्यामुळे आपला-परका करायला जागाच नसे. न्याय म्हणजे काय, हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. पण त्याची पहिली ओळख मला त्या पाठमोऱ्या माणसानं करून दिली.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. गावात तो लगेच पोचला नाही. कायदे सड्यावर चढायला वेळ लावतात. पण हळूहळू पोचला. 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकारीला कायद्याची वाट जवळजवळ उरलीच नाही. निवडणूक आली की वडिलांची बंदूक ठाण्यात जमा व्हायची, निवडणूक झाली की परत यायची. एका वर्षी परवान्याचं नूतनीकरण करायला ते गेलेच नाहीत. ‘आता हात थरथरता,’ एवढंच म्हणाले. सगळ्यांना वाटलं, शिकार संपली, म्हणजे मांगरही संपला.

पण माणसं येतच राहिली. पूर्वीचे हाकारे आले, त्यांची मुलं आली. गुराखी आले. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बाया दुपारची पेज तिथे प्यायला लागल्या. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी एक रात्र तरी मांगरावर काढायचीच असा हट्ट धरू लागले. काय करायचे तिथे? काही नाही. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, उकड्या तांदळाची पेज शिजवायची, काजूच्या बिया भाजून हात काळे करायचे, आणि अंधार पडला की बोलणं आपोआप कमी होऊ द्यायचं. रानात भेकर ओरडलं की सगळ्यांनी माना वळवायच्या. पूर्वी त्या आवाजाला बंदुकीकडे हात जायचा, आता नुसता कान जातो.

तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. शिकारीतून मारणं वजा केलं तर काय उरतं? काहीच उरत नाही असं म्हणणारे म्हातारे आमच्याकडे होते. डुकराच्या मटणाची चव अजून जिभेवर आहे, असं ते सांगायचे. ते खोटं बोलत नव्हते. छाती धडधडत वाटेवर बसणं, पाचोळा वाजला की श्वास धरणं, हे सुख गेलंच. पण चूल राहिली. वाटे राहिले, मांसाचे नसतील, फणसाच्या गऱ्यांचे. आणि जनावर मेलं नाही म्हणून वाटण्याचा आनंद कमी झाला, असं काही दिसलं नाही. आम्ही जिला शिकारीची मजा म्हणत होतो, तिच्यात एकत्र जागण्याची मजा किती मोठी होती, ते शिकार बंद झाल्यावर कळलं.

मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त अवघड आहे. हा मांगर कोणाचा?

कागद विचाराल तर सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. कोकणात ही काही मोठी संख्या नाही. घाम विचाराल तर हिशेब वेगळाच होतो. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. त्यामागचा विचार साधा होता, की ज्याचे हात जमिनीला लागले त्याचा तिच्यावर हक्क. हाच न्याय मांगराला लावला तर? दरवर्षी वैशाखात शाकारणी असते. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, वाळवी लागलेले रिपे बदलायचे, पुन्हा नळे चढवायचे. या कामाला वाडीतली दहा-बारा माणसं येतात. त्यांतल्या एकाचंही नाव सातबाऱ्यावर नाही.

म्हणून मी बरीच वर्षं म्हणत असे, की मांगर सगळ्यांचा. ऐकायला फार गोड वाक्य आहे. पण ते अर्धं आहे. शाकारणीला दहा जण येतात ते कोणीतरी बोलावतो म्हणून. रिपे कोणीतरी आधी आणून ठेवलेले असतात. पाऊस तोंडावर आला, रिपे पोचले नाहीत, तर रात्री झोप एकाचीच उडते. ज्याची झोप उडते तो मालक, अशी माझी साधी व्याख्या आहे. आमच्या पंचक्रोशीत देवराया आहेत. त्यांतली फांदीही कोणी तोडत नाही. त्या सगळ्यांच्या आहेत खऱ्या, पण तिथेही राखणदाराचा धाक आहे, गावकऱ्यांचा मान आहे, वर्षाचा नारळ कोणी द्यायचा हे ठरलेलं आहे. सगळ्यांच्या गोष्टीलाही कोणीतरी एक विचारणारा लागतो. नाहीतर तिचे वासे कोण कधी नेतो ते कळतही नाही.

आमचेही नेले. एकदा कोणीतरी पडवीचा वासा चुलीत घातला. एकदा टोप गेला. दारूच्या बाटल्या तर दर शिमग्याला मिळतात. घरात म्हणाले, कुलूप लावा. यावर वडिलांचं एक उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणायचे, ‘कुलूप लावलां तर चोर भायर ऱ्हवतलो, ह्या खरां, पण पावसात गावलेलो माणूसय भायरच ऱ्हवतलो.’ टोप गेला तेव्हा त्यांनी बाजारातून दुसरा आणला आणि तिथेच ठेवला. त्यांचा नियम एकच होता. जाणाऱ्यानं चूल विझवायची आणि येणाऱ्यासाठी सुकी लाकडं ठेवून जायची. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तरी भर आषाढात, चार दिवस संततधार लागलेली असताना, मला त्या मांगरात कोरडी लाकडं मिळालेली आहेत. ती कोणी ठेवली ते आजवर कळलेलं नाही. मालकीचं सुख विचाराल तर मला तो क्षण आठवतो. माझ्याच छपराखाली मी दुसऱ्या कोणाचा तरी पाहुणा झालो होतो.

पण वाटून घेण्यालाही एक काठ असतो. काही वर्षांपूर्वी चार तरुण आले. एक आमच्याच वाडीतला, बाकीचे बाहेरचे. डोक्याला बॅटऱ्या, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. एका रात्रीसाठी मांगर हवा म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यावर वाडीतला पोरगा म्हणाला, ‘काका, मांगर सगळ्यांचो ना?’ माझंच वाक्य मला परत मिळालं.

मी म्हटलं, ‘सगळ्यांचा आहे, म्हणूनच नाही.’ उद्या वनखात्यानं पंचनामा केला तर नाव माझं लागणार, ही भीती मनात होती, ती मी लपवत नाही. पण तेवढीच असती तर त्यांनी दुसरा मांगर गाठल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जे छप्पर गुराख्याचं, गवतवालीचं, चाकरमान्याच्या पोराचं आहे, त्याखाली चौघांनी असं काही करायचं की बाकीच्यांना तिथे यायला भीती वाटावी, म्हणजे ते वाटून घेणं राहत नाही, बळकावणं होतं. आणि मांगरात येणाऱ्यांत माणसंच आहेत असंही नाही. माळ्यावर उदमांजराची वस्ती असते. भिंतीच्या सांदीत धामण आहे. खाली झऱ्यावर भेकर पाणी प्यायला येतं. डुक्कर नाचणी खातं तेव्हा राग येतोच. नुकसानभरपाईचा अर्ज भरताना तर जास्तच येतो. पण पाठमोऱ्या माणसाला वाटा पुकारायला उभं केलं तर तो त्यांचंही नाव घेईल, असं मला आता वाटतं. तो पोरगा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मालक असण्यात हेही येतं. सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणायचं, आणि ते नाही एकट्यानं सोसायचं.

शेवटचा पेच घरातलाच. मुंबईचा चुलतभाऊ गेल्या खेपेला म्हणाला, ‘दादा, सड्यावरून समुद्र दिसता. दोन खोल्या बांधून पर्यटकांक देऊया. नायतर विकूया.’ तो लोभी माणूस नव्हे. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे. त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि त्याची गरज खरी आहे. माझं सुख जपण्यासाठी त्याच्या पोरीनं का थांबायचं? या प्रश्नाला मांगराच्या गोड आठवणी सांगणं हे उत्तर होत नाही. जो माणूस वाटून घेण्याच्या गोष्टी करतो आणि भावाचा वाटा मात्र आठवणींखाली दाबून ठेवतो, त्याला पाठमोरं उभं करण्याचीच गरज आहे.

म्हणून आम्ही बसून मोल ठरवलं. काजूच्या पैशांतून दरवर्षी त्याला हप्ता द्यायचा. पुरा झाला की तो हक्कसोडपत्र करून देईल. तीन हप्ते दिलेत. त्या तीन वर्षांत घराची पुढची पडवी दुरुस्त करायची राहून गेली आहे आणि बायको ते अधूनमधून आठवण करून देते. बाकीची नावं आहेतच, त्यांचं त्यांचं काय ते पुढे बघू. पण एक गोष्ट या व्यवहारानं पक्की झाली. दार उघडं असतं ते फुकट उघडं राहत नाही. त्याची किंमत कोणीतरी भरत असतो. ती भरणाऱ्यानं त्याबद्दल कुरकुरू नये आणि मिरवूही नये. पूर्वी वडिलांनी भरली. मला ती कळत नव्हती, कारण मी चूल पेटती ठेवत होतो.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. त्यात बोजे, कर्जं, कुळांची नावं लिहितात. तलाठी त्यात लिहिणार नाहीत, पण आमच्या मांगराच्या त्या रकान्यात गवताचे भारे उतरवणाऱ्या बाया आहेत, पावसात सापडलेला गुराखी आहे, माळ्यावरचं उदमांजर आहे. तुम्हीही कधी या बाजूला आलात तर सडा चढून या. कडी काढा, बसा, पेज शिजवा. जाताना चूल नीट विझवा, आणि दोन सुकी लाकडं कोपऱ्यात ठेवून जा.