पुस्तकवाल्याकडे जाशील तेव्हा

धुळे

चि. नातीस,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. फोनवर दोन ओळींत सांगून मोकळी झाली असतीस तरी चाललं असतं, पण तू कागद घेऊन बसलीस, दोन्ही बाजूंनी लिहिलंस आणि समासाची जागाही वाया जाऊ दिली नाहीस. ते पाहून मला माझ्या आईची आठवण झाली. ती किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून गादीखाली ठेवायची आणि त्यावर हिशेब लिहायची. तुझ्या अक्षरात तिची काटकसर आली आहे, बाळ.

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तू आपल्या भागातल्या पुस्तकवाल्यांशी आणि लिहिणाऱ्यांशी बोलणार, हे वाचून जीव सुखावला. प्रश्नांची यादीही वाचली. प्रश्न चांगले आहेत. सकाळी जळगावचे दोन दुकानदार, दुपारी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला, इथे आणखी एक दुकान, संध्याकाळी एक कवी आणि रात्रीच्या गाडीने परत, असा बेत आखून खाली तू लिहिलंस, ‘एका रविवारी सगळं उरकते.’ या ‘उरकते’पाशी मी जरा अडखळले. भांडी उरकावीत, धुणं उरकावं, माणसांशी बोलणं कसं उरकणार ग?

वाचनालयातल्या नोकरीची माझी तीस वर्षं गेली ती पुस्तकं घेण्यात, नोंदवण्यात, शिवण्यात आणि लोकांच्या हातात देण्यात. खरेदीसाठी मी ज्या दुकानात जायची तिथे मला बोलणं ऐकायला शिकवलं ते एका सुतळीने. हसू नकोस, सांगते. पुण्याहून पुस्तकांचं पार्सल यायचं, ते दुकानदार सकाळी सोडत. दुकान उघडलं, पायरीवर पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली की गठ्ठा पुढ्यात घेऊन बसायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कात्री दिसली आणि मी ती पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘बठ वं माय.’ मग एकेक गाठ नखाने सैल करत त्यांनी सगळी सुतळी सोडवली, तिचं गुंडाळं केलं, वरचा खाकी कागद झटकून घडी घातली. तो कागद पुढे कुणाच्या तरी पुस्तकाला वेष्टण म्हणून जायचा. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, आणि तेवढ्या वेळात त्यांनी मला जे सांगितलं ते मला वाचनालयाच्या कुठल्याही परिपत्रकातून कळलं नसतं.

ते म्हणाले, जून-जुलै ही आमची सुगी. पाठ्यपुस्तकं, गाइडं, वह्या, कंपासपेट्या. त्या दोन महिन्यांत जे सुटतं त्यावर वर्षभर कवितेची पुस्तकं कपाटात उभी राहतात. दिवाळीला दिवाळी अंकांची धावपळ. मग कापूस विकला गेला की खेड्यातलं गिऱ्हाईक येतं, आधी पोरांच्या गरजेचं घेतं, आणि पैसे उरले तर एखादी कादंबरी. शेताचं पीक बिघडलं की आमचंही बिघडतं. इतकं साधं, पण मी तोवर पुस्तकाचं दुकान आणि कापसाचं शेत यांचा असा संबंध कधी जोडलाच नव्हता.

त्यांच्याकडे ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ची एक प्रत होती. हा संग्रह 1967 चा, आणि महानोर पळासखेड्याचे, म्हणजे तसे आपल्या शेजारचेच, अजिंठ्याच्या डोंगराकडचे. एक शेतकऱ्याचा मुलगा दर बाजाराच्या दिवशी यायचा, ती प्रत काढायचा, उभ्याउभ्या चार पानं वाचायचा, परत जागेवर ठेवायचा. दुकानदारांनी त्याला एकदाही हटकलं नाही. तिसऱ्या का चौथ्या बाजाराला त्यांनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं. मुलाने पुढे पैसे साठवून ते पुस्तक घेतलं, तोवर ते त्याचं वाचून संपलेलं होतं. तरी घेतलं. हे सांगताना त्यांचे हात थांबले होते आणि सुतळी मांडीवर तशीच पडली होती. कात्री चालली असती तर ही गोष्ट मला ऐकायला मिळाली असती का, सांग.

तेव्हा तू सकाळी जा. लवकर उठायची सवय तुला आहेच. दुकान उघडतं तो पहिला तास दुकानदाराचा स्वतःचा असतो, गिऱ्हाईक सुरू झालं की त्याचं अर्धं लक्ष गल्ल्यावर जातं. ‘कोणतं पुस्तक जास्त खपतं’ हा तुझ्या यादीतला पहिला प्रश्न शेवटी ठेव, त्याचं उत्तर तो अर्ध्या मिनिटात देईल आणि मग दोघंही गप्प बसाल. त्याऐवजी कपाटातलं एखादं कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक काढ आणि विचार, काका, हे किती वर्षं तुमच्याकडे आहे, प्रकाशकाला परत का नाही पाठवलं? मग ऐकत बस. मध्ये चहा येईल, तो नको म्हणू नकोस.

आणि एक पुस्तक विकत घे. छापील किमतीत घे, सूट मागू नकोस. मी तुला लहानपणापासून पैसा पैसा जपायला सांगत आले आणि आज हे लिहिते याचं तुला नवल वाटेल. पण प्रकाशकाकडून दुकानदाराला जे कमिशन मिळतं, त्यातूनच दुकानाचं भाडं, विजेचं बिल, कामाला असलेल्या पोराचा पगार आणि पार्सलचं भाडं जातं, आणि तू मागितलेली सूटही त्यातूनच जाते. फोनवर तेच पुस्तक स्वस्त मिळतं, हे मला ठाऊक आहे. पण फोन स्टूल पुढे सरकवत नाही ग. काटकसर चहा-चिवड्यात कर, रिक्षात कर, इथे नको.

आता लिहिणाऱ्यांविषयी. आपल्या खानदेशात एक मोठी गंमत आहे, आणि तुझ्या लेखात ती आली तर मला फार आवडेल. इथली कितीतरी मोठी पुस्तकं कुणीतरी बोललं आणि कुणीतरी शांत बसून ऐकलं म्हणून झाली आहेत. जळगावपासून हाकेच्या अंतरावर असोदा, बहिणाबाईंचं माहेर. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी हात कामात असताना त्या लेवा बोलीत गाणी रचत, आणि घरातली लिहिती मुलं, त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ, ती टिपून ठेवत. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण मला नेहमी डोळ्यांपुढे येते ती शेजारी वही घेऊन बसलेली पोरं. त्यांनी ‘आई, पुन्हा सांग’ म्हणायचा कंटाळा केला असता तर?

आणि आपलं धुळं. 1932 साली इथल्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, असे अठरा रविवार, आणि साने गुरुजींनी ते बोलणं उतरवून घेतलं. त्याचीच ‘गीता प्रवचने’ झाली. बघ, तिथेही रविवारच होते, पण अठरा! कोंडलेल्या माणसांना घाई करायचं कारण नव्हतं असं तू म्हणशील, पण गुरुजींनी ते ऐकणं एकदाही सोडलं नाही, हे मला मोठं वाटतं.

तू हुशार आहेस, तू लगेच विचारशील की आजी, ‘श्यामची आई’ तर पाचच दिवसांत लिहून झालं. खरं आहे. फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. पण त्याआधी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथल्या छात्रालयातल्या मुलांचं सारं बघत होते, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत होते. आणि त्याच्याही आधी आईजवळचं सगळं बालपण. तेहतीस वर्षांचा माणूस पाच दिवसांत लिहायला बसला तेव्हा तो तेहतीस वर्षं घेऊन बसला होता. आणि पुस्तकातही बघ, श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो आणि ते ऐकतात. एका रात्रीत सगळं सांगून टाकत नाही.

नेमाड्यांचंही तसंच. सांगवीचे, यावल तालुक्यातले. पंचविशीत, 1963 मध्ये, ‘कोसला’ आली, आणि तुमच्या वयाच्या सगळ्यांना वाटतं की असं झटक्यात व्हावं. पण ‘झूल’ 1979 ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ 2010 ची. मध्ये एकतीस वर्षं आहेत. आमच्या वाचनालयात ‘नवीन कधी येणार’ म्हणून विचारणाऱ्या एका वाचकाचे केस माझ्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. मिळाली तेव्हा त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

धुळ्यात आलीस की मी तुला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन जाईन. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, घरोघर हिंडले, लोकांच्या माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल पाहू द्या म्हणून विनवलं, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे केले. 31 डिसेंबर 1926 ला ते याच धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ निघालं. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कुणी आपलं दप्तर एका भेटीत सोडून दाखवत नाही. मला वाटतं, मुलाखत घेणाऱ्याने राजवाड्यांकडून एवढं तरी घ्यावं.

आणि ‘कविता-रती’चे अंकही तुझ्यासाठी काढून ठेवते. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये ते धुळ्याहून सुरू केलं, केवळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक, तेही पुण्या-मुंबईपासून दूर. 2017 मध्ये ते गेले. एक अंक चाळायला दहा मिनिटं पुरतात, पण त्यातल्या एका कवितेपाशी मी कधी कधी सबंध दुपार बसले आहे, आणि त्या दुपारी भाजी करपली आहे.

आता मनातली एक भीती लिहिते, ती लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. जळगावहून भुसावळकडे निघालं की भादली स्टेशन लागतं. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे, आपला बालकवी, 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणून उभा राहिला आणि तिथे त्याला हे नाव मिळालं. 5 मे 1918 ला याच भादलीला रूळ ओलांडताना तो मालगाडीखाली सापडला. सत्तावीस वर्षांचा होता. गाडी गाठायची घाई होती, असं सांगतात. मी कधीही त्या स्टेशनावरून गेले की खिडकीतून हात जोडते आणि मनात म्हणते, थांबला असतास रे, पुढची गाडी होती. तुझं पत्र वाचताना, तो एका दिवसाचा बेत वाचताना, मला तेच आठवलं. तुझ्या चांगुलपणाची, तुझ्या कष्टाची मला तिळभर काळजी नाही. एवढीच एक आहे.

म्हणून माझं ऐक. जळगावचा एक दिवस वेगळा ठेव. एकाच दुकानात जा, दुसरं पुढच्या महिन्यात. बोलणं फोनवर रेकॉर्ड कर, पण हातात वहीही असू दे, कारण लिहिणारं माणूस समोर दिसलं की बोलणारा जरा हळू बोलतो आणि विचार करून बोलतो. कवीकडे जाशील तेव्हा त्याचं एक तरी पुस्तक आधी वाचून जा, आणि त्याच्या घरचं माणूस कुणी बोलायला आलं तर त्याचंही ऐक. घरी येऊन लगेच लिहायला बसू नकोस. दोन दिवस जाऊ देत, तिसऱ्या दिवशी पहाटे उठ आणि जे आपोआप आठवेल ते आधी लिही.

धुळ्याला मुक्कामाला ये. भरताची वांगी आणून ठेवते, कळण्याची भाकरी करते, बिबड्याही गेल्या उन्हाळ्यातल्या शिल्लक आहेत. सकाळी आपण दोघी चालत त्या दुकानात जाऊ. सुतळी सोडणारे ते दुकानदार आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. तुझ्याबद्दल मी त्याला सांगून ठेवलं आहे, त्याने वडिलांच्या वेळची बिलबुकं तुझ्यासाठी काढून ठेवली आहेत.

फक्त रविवारी ते दुकान बंद असतं. शनिवारी ये.

तुझी,
आजी