चुंबकत्व राहतं कुठे?

पट्टीचुंबक मधोमध तोडला तर एका तुकड्यात नुसता उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात नुसता दक्षिण ध्रुव उरत नाही; दोन्ही तुकडे पुरते चुंबक होतात. शाळेत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. चुंबकाविषयीचा विचार मात्र कित्येक शतकं याच कोड्याभोवती फिरत राहिला.

१२६९ साली इटलीतल्या लुचेरा शहराच्या वेढ्यात असताना पीटर पेरेग्रिनसनं एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात हा प्रयोग नोंदवून ठेवला आहे. त्याच्या समजुतीनं दगडाला ही शक्ती आकाशाच्या ध्रुवांकडून मिळते. १६०० मध्ये लंडनचा वैद्य विल्यम गिल्बर्ट यानं ती आकाशातून जमिनीवर आणली: पृथ्वी स्वतःच चुंबक आहे. लाल तापवलेला चुंबक आपली शक्ती गमावतो, हेही त्यानं पाहिलं. का गमावतो, याचं उत्तर त्या काळात मिळण्यासारखं नव्हतं.

१८२० मध्ये ओर्स्टेडला विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली आणि लगेच अँपिअरनं धाडसी कल्पना मांडली: लोखंडाच्या कणाकणात विजेचे चिमुकले प्रवाह गोल फिरत असतात. आता तोडण्याचं कोडं सुटलं. कुठेही तोडा, प्रत्येक तुकड्यात ते प्रवाह आहेतच. पण मग सगळे कण एका दिशेला तोंड करून का राहतात? आणि हे लोखंडात घडतं तसं तांब्यात का घडत नाही?

प्येर वाइसनं १९०७ मध्ये सांगितलं, की लोखंडात सूक्ष्म प्रदेश असतात. एका प्रदेशातले सारे कण एका दिशेचे, पण साध्या खिळ्यात प्रदेशांच्या दिशा वेगवेगळ्या, म्हणून त्यांचा परिणाम एकमेकांत जिरतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला उष्णतेची खळबळ कणांची ही शिस्त मोडते. गिल्बर्टचं निरीक्षण इथे उलगडलं. मात्र कणांना असं धरून ठेवायला लागणारं बळ त्यांच्या आपसातल्या चुंबकीय ओढीच्या हजारो पट निघत होतं. वाइसनं ते गृहीत धरलं. ते कुठून येतं, हे त्याला सांगता आलं नाही.

त्यात आणखी एक धक्का बसला. १९११ मध्ये नील्स बोरनं आणि १९१९ मध्ये हेंड्रिका व्हॅन लेउवेन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिद्ध केलं, की जुन्या भौतिकीचे नियम काटेकोर लावले तर उष्णतेच्या समतोलात असलेल्या कुठल्याही पदार्थात चुंबकत्व शून्यच निघतं. म्हणजे टेबलावरचा साधा चुंबकही त्या नियमांत बसत नव्हता! या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा हाच. नवं काही सापडण्याआधी, आपल्याजवळचं पुरत नाही हे इतक्या स्वच्छपणे दाखवून देणं फार थोड्यांना जमतं.

पुढे इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनला चिमुकला चुंबक बनवणारा त्याचा अंगभूत गुण, कळला आणि १९२८ मध्ये हायझेनबर्गनं वाइसनं गृहीत धरलेल्या बळाचं मूळ दाखवलं. एकाच दिशेचा स्पिन असलेल्या इलेक्ट्रॉनांना क्वांटम नियमामुळे एकमेकांपासून अंतर राखावं लागतं. त्यामुळे त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण घटतं. लोखंडात हा फायदा भारी ठरतो, तांब्यात ठरत नाही. म्हणजे लोखंडाच्या कणांना एका रांगेत उभं करणारं बळ मुळात चुंबकीय नाहीच, ते विजेचं आहे.

पाठ्यपुस्तकात एका रांगेत उभ्या बाणांचं चित्र असतं आणि धडा तिथेच संपतो. शिक्षकांना माझी विनंती आहे: ते चित्र दाखवताना, हे बाण केवळ आपल्या चुंबकीय ओढीनं रांगेत राहू शकत नाहीत, एवढं तरी मुलांना जरूर सांगा.