रागावण्यापूर्वी कारण पुसावें

शेजाऱ्यापाजाऱ्यांचें भांडण बहुधा मोठ्या गोष्टीवरून होत नाहीं. बांधाकडे नांगराचा एक तास अधिक गेला, सांडपाणी दारांत आलें, किंवा कोणाची घागर रांगेंत पुढें सरकली, एवढेंच पुरतें. मग दोन घरांतील बोलणें बंद होतें, आणि पुष्कळदां तें मुलांच्या पिढीपर्यंत बंदच राहतें.

आम्हां औसा तालुक्यांतील लोकांस पाण्याचें दुःख नव्यानें सांगावयास नको. 2016 सालीं मांजरा धरण आटलें. त्या वर्षीं मार्च महिन्यांत लातूर शहरांत पाणी भरण्याच्या जागीं दंगा होऊं नये म्हणून पांचांहून अधिक माणसांनीं जमूं नये, असा हुकूम कलम 144 अन्वयें निघाला. 12 एप्रिल रोजीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें; पहिल्या खेपेस तें सुमारें 5 लाख लिटर होतें. हुकुमानें गर्दी पांगते, परंतु मनांतील राग पांगत नाहीं.

अशा रांगेंत एका बाईनें पांच घागरी मांडल्या, असें समजा. मागच्या बाया म्हणतात, "ही हावरी आहे." आतां त्यांतील दोन घागरी अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या शेजारणीच्या असल्या तर? किंवा ती बाई खरोखरच हावरी असली तर? "बाई, एवढ्या घागरी कोणाच्या?" असें विचारल्यावांचून हें कळावयाचें नाहीं. डोळ्यांस कृत्य दिसतें, हेतु दिसत नाहीं. आणि राग तर आपणांस हेतूचाच येतो. चुकून पाय लागला तर आपण सोडून देतों, मुद्दाम मारला तर पेटतों. दुखणें मात्र सारखेंच असतें. म्हणून जो न विचारतां रागावतो, तो आपणच रचलेल्या हेतूवर रागावतो.

यहोशवाच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायांत रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यांनीं यार्देनेपाशीं मोठी वेदी बांधल्याचें आपण वाचतों. इतर इस्राएलांनीं तो धर्मद्रोह समजून लढाईची तयारी केली. तथापि आधीं फिनहास व दहा सरदार यांस विचारावयास पाठविलें. ती वेदी यज्ञासाठीं नव्हती. नदीपलीकडील आपल्या मुलांबाळांस पुढें कोणी परकें म्हणूं नये, यासाठीं ती साक्ष होती. एवढें कळलें आणि लढाई टळली.

कोणी म्हणेल, कारण कळलें म्हणजे अन्याय सोसावयाचा काय? मुळींच नाहीं. 20 मार्च 1927 रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले. आपणांस पाणी कां नाकारलें जातें, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. तें कारणच अन्यायाचें होतें, म्हणून त्यांचा राग न्याय्य होता. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं विहिरीपाशीं तेंच दुःख भोगलें आहे. यास्तव समजून घेण्याचें ओझें केवळ दुबळ्यावर टाकूं नये. बलवानानेंही आधीं पुसावें.

उपदेशक बंधूंनो, तंटा तुमच्याकडे आला म्हणजे चूक कोणाची, हें शेवटीं विचारा. आधीं प्रत्येकास दुसऱ्याचें कारण आपल्या तोंडानें सांगावयास लावा, आणि दुसरा "होय, असेंच आहे" म्हणेपर्यंत पुढें जाऊं नका. इतकें झाल्यावर जो राग उरेल तो खरा असेल, आणि त्याचा न्याय करणें तुम्हांस सोपें जाईल.